नोव्हेंबरची जपान ट्रिप आणि आईचे तीन दिवस

सुहास: सगळ्यांनी बघा, टूरवाल्याचा प्लॅन आलाय. आठ दिवस. टोकियो, फुजी, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा सगळं कव्हर होतंय, जेवण इंडियन, दिवाळीनंतर निघायचं. उद्या संध्याकाळपर्यंत ऍडव्हान्स भरायचाय म्हणून आजच सांगा

मिलिंद काका: छान. सगळं येतंय त्यात.

अश्विनी: दादा थांब, भरू नकोस अजून. मी आत्ता ऑफिसमधून निघाले, ट्रेनमध्ये बसून लिहिते, जरा मोठं होईल

अश्विनी: मी नागोयात राहते तर निदान मला विचारायचं तरी. आठ दिवसांत सहा ठिकाणं म्हणजे रोज सकाळी सातला बॅगा भरून बसच्या दारात उभं राहायचं, आणि आई ६९ वर्षांची आहे. मागच्या युरोप टूरला काय झालं आठवतंय ना? तिचे पाय एवढे सुजले की तिसऱ्या दिवसापासून ती बसमध्येच बसून राहिली, सगळे खाली उतरून फोटो काढायचे आणि ही खिडकीतून बघायची, आणि घरी आल्यावर सगळ्यांना सांगत होती खूप मजा आली म्हणून. मला ते परत नकोय. परत नकोच

मेघना: अश्विनी बरोबर बोलतेय. त्या ट्रिपचे आईंचे फोटो बघितले तर निम्मे बसच्या सीटवरचे आहेत

सुहास: अगं पण मग काय करायचं? एवढे पैसे घालून जपानला जायचं आणि नुसतं तुझ्या घरी बसायचं का

अश्विनी: नाही रे. माझं म्हणणं, टोकियो दोन रात्री, मग शिंकान्सेनने म्हणजे बुलेट ट्रेनने नागोया, त्यातल्या सगळ्यात जलद नोझोमीने पावणेदोन तास लागतात, माझ्याकडे दोन रात्री आराम. मग तीन रात्री इसे-शिमा. शेवटी क्योतो दोन रात्री आणि ओसाकाहून परत. फुजी ट्रेनमधून दिसतो हवा स्वच्छ असेल तर. हिरोशिमा यावेळी राहू दे

नंदा काकू: इसे शिमा म्हणजे कुठे गं? कधी ऐकलं नाही

अश्विनी: काकू, मिए प्रांतात, नागोयापासून खाली समुद्राच्या बाजूला. आपल्याकडची माणसं टोकियो-क्योतो करून परत जातात, इथे फार कोणी येत नाही, पण जपानी माणसाला आयुष्यात एकदा तरी इसेला जायचं असतं, जसं आपल्याकडे पंढरपूर. तिथे इसे जिंगू आहे, अमातेरासू म्हणजे सूर्यदेवीचं देऊळ, दर वीस वर्षांनी ते जसंच्या तसं शेजारच्या मोकळ्या जागेवर नवीन बांधतात आणि देवीला तिकडे नेतात. मागचं २०१३ ला झालं, ते ६२वं होतं. पुढचं २०३३ ला. बांधायची विद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीच्या हातात जाते ना त्याने. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारची ती रिकामी जागा बघून गप्पच झाले, नुसते पांढरे गोटे पसरलेले आणि मध्ये एक छोटंसं लाकडी खोपट, बस

नंदा काकू: अगं बाई. देऊळ नवीन आणि जागा जुनी

अश्विनी: हो, आणि तुला आवडेल असं सांगते. तिथे दोन मुख्य देवळं आहेत, गेकू आणि नाइकू. आधी गेकूला जायचं, मग नाइकूला, असा रिवाज आहे. नाइकूत अमातेरासू, गेकूत अन्नाची देवी, तोयोउके. तिथे रोज सकाळ-संध्याकाळ दोन वेळचा नैवेद्य शिजवतात आणि अमातेरासूला दाखवतात, दीड हजार वर्षं चालू आहे म्हणतात, आणि त्यासाठीचा अग्नी काडेपेटीने नाही, लाकूड लाकडावर घासून पेटवतात

मिलिंद काका: म्हणजे अरणी मंथन! आपल्याकडे यज्ञात तसाच काढतात. हे बघायला मिळतं का?

अश्विनी: अग्नी काढतात ते आत, आपल्याला दिसत नाही काका. पण काकू, त्या नैवेद्यात मासा असतो हे आधीच सांगून ठेवते, भात, मीठ, पाणी, भाज्या, समुद्री शेवाळ आणि मासा. तिथे गेल्यावर तुला धक्का नको

नंदा काकू: त्यांची रीत त्यांची. मी नमस्कार करीन. पण माझ्या जेवणाचं काय? गळ्यात माळ आहे माझ्या, मासा चालणार नाही आणि तिकडे सगळ्यात मासा असतो असं ऐकलंय

अश्विनी: खरंय ते, लपवत नाही. दिसायला भाजीच असते पण रस्सा दाशीचा, आणि दाशी म्हणजे बहुतेक वेळा सुकवलेल्या कात्सुओ माशाचं पाणी. तिथला प्रसिद्ध इसे उदोन, जाडजूड मऊ शेवया आणि काळा सॉस, त्यातही दाशी. म्हणून तुझ्यासाठी मी हॉटेलला आधीच जपानीत मेल करणार, मांस नको मासे नको दाशी नको असं एकेक वेगळं लिहून, कारण नुसतं व्हेज म्हटलं की सूप माशाच्या पाण्याचंच येतं. आणि तू मेतकूट, लिंबाचं लोणचं, थोडी भाजणी घेऊन ये. इथला भात अगदी आपल्या इंद्रायणीसारखा मऊ चिकट असतो, त्यावर मेतकूट-तूप काय लागतं! दुकानात साधं दही मिळतं सगळीकडे. तुझा भात मी रोज करून देईन, छोटा कुकर माझ्याकडून घेऊन जाऊ

अश्विनी: आणि आकाफुकु! मऊ भाताचा मोची आणि वर लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण, १७०७ पासूनचं दुकान आहे देवळाच्या रस्त्यावर. पुरणावर बोटांनी लाटांसारखे ठसे ओढलेले असतात, ते म्हणजे इसुझु नदीचं वाहतं पाणी. हे काकूला चालेल

ऋजुता: आत्या ती समुद्रगाय, डुगाँग, आहे ना तिकडे?? तोबा ऍक्वेरियम!! मला तेच बघायचंय

अश्विनी: हो गं बाळा, तोबा इसे-शिमातलंच गाव, स्टेशनवरून चालत जाता येतं. म्हणूनच मी म्हणते तिन्ही रात्री तोबातच राहायचं, रोज गाव बदलायला नको. इसे एका बाजूला पंधरा-वीस मिनिटं, रेल्वेचं शेवटचं स्टेशन काशिकोजिमा दुसऱ्या बाजूला अर्धा-पाऊण तास. मोठ्या बॅगा तर आपण नागोयाहून थेट क्योतोच्या हॉटेलला कुरिअर करायच्या, इथे सगळे तसंच करतात, आपल्याबरोबर फक्त हातातली पिशवी

मिलिंद काका: खर्च सांग नीट. आणि जेआर म्हणजे जपान रेल्वेचा पास काढायचा की नाही?

अश्विनी: काका, पास नका काढू. २०२३ ला सात दिवसांचा ५०,००० येन झाला आणि इसे-शिमाला आपण किंतेत्सूने जाणार, ती वेगळी खाजगी रेल्वे आहे, त्यावर तो पास चालतच नाही. नागोया ते काशिकोजिमा सगळं धरून माणशी चार हजार येनच्या आसपास, तोबा त्याच्या अलीकडे म्हणजे कमीच. साधं तिकीट वेगळं आणि स्पेशल एक्स्प्रेसचं वेगळं, दोन्ही घ्यावं लागतं हे लक्षात ठेवा. महाग असतं ते राहणं. समुद्र दिसणारी खोली, रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरून माणशी वीस-तीस हजार येन एका रात्रीचे, खोलीचे नाही, माणशी! म्हणून एकच रात्र तशी घेऊ आणि दोन रात्री साधं बिझनेस हॉटेल. तुमच्या गुडघ्यासाठी पलंगवालीच खोली बघते, जमिनीवरच्या गादीवरून उठणं तुम्हाला जमायचं नाही आणि जेवायलाही खुर्ची मागून घेऊ

मिलिंद काका: बरं झालं तूच म्हणालीस.

सुहास: ठीक आहे पण तीन दिवस तिथे करायचं काय? देऊळ एक दिवस. ऍक्वेरियम अर्धा दिवस. मग?

अश्विनी: दादा, आता आईला वाचायला सांग हे, खास तिच्यासाठी लिहितेय

अश्विनी: आई, तिथे आमा आहेत. आमा म्हणजे समुद्रात बुड्या मारणाऱ्या बायका. सिलिंडर नाही काही नाही, नुसता श्वास रोखून खाली जातात आणि शिंपले, शेवाळ काढून आणतात. आख्ख्या जपानात सगळ्यात जास्त आमा ह्याच भागात आहेत आणि त्यातल्या कितीतरी तुझ्याच वयाच्या, काही तर तुझ्याहून मोठ्या. वर आल्यावर त्या श्वास सोडतात ना, त्याचा शिट्टीसारखा लांब आवाज येतो, इसोबुए म्हणतात त्याला. मी तो ऐकलाय. पाण्यावर डोकं दिसायच्या आधी शिट्टी ऐकू येते, बारीक, एकदम उंच, आणि मग ती बाई तरंगत्या डब्याला धरून दोन मिनिटं नुसती थांबते आणि परत खाली. डोक्याच्या कापडावर जांभळ्या दोऱ्याने एक चांदणी आणि एक जाळी शिवलेली असते. चांदणी एका रेघेत काढतात, जिथून सुरू केली तिथेच येऊन मिळते, म्हणजे गेलेली बाई परत वर येऊ दे

मेघना: काटा आला अंगावर

अश्विनी: ओसात्सु म्हणून गाव आहे, तोबाहून बस जाते. तिथे आमांच्या झोपडीत बसून त्या समोर निखाऱ्यावर शिंपले भाजून देतात आणि गप्पा मारतात, मी मधे बसून सांगेन काय बोलतात ते. बुकिंग आधी लागतं. त्याच गावात इशिगामी-सान म्हणून छोटं देऊळ आहे, बाईमाणसाची एक इच्छा पुरी करते म्हणतात, एकच, चिठ्ठीवर लिहून टाकायची

आई: अश्विनी मी सगळं वाचलं. हळू वाचते म्हणून वेळ लागला.
मालवणला माझी आई ओहोटीला खडपावर कालवं काढायला जायची आणि मी टोपली धरून मागे. पाय कापायचे. शिंपीने कापलेली माझ्या घोट्यावरची खूण अजून आहे. ती पाण्यात कंबरेपर्यंत उभी असायची आणि मी काठावरून हाका मारायचे की भरती आली ये आता. लग्न होऊन पुण्याला आले त्यानंतर कोणी विचारलं नाही समुद्राचं.
त्या बायकांना मला भेटायचं आहे.

नंदा काकू: वहिनी, एवढ्या वर्षांत हे कधी बोलला नाहीत तुम्ही

सुहास: आई आपण जाऊ. ठरलं. टूरवाल्याला नाही म्हणून कळवतो आत्ताच

अश्विनी: 🙏 दादा

अश्विनी: आई, अजून आहे. एक पूर्ण दिवस नुसता आगो खाडीचा ठेवू. योकोयामाच्या टेकडीवरून बघितलं तर खाली खाडी जमिनीत बोटं घालून बसल्यासारखी आत आत आलेली दिसते, छोटी छोटी साठेक बेटं, आणि पाण्यावर मोत्यांच्या शिंपल्यांचे तराफे रांगेने. जपानात अर्धगोल मोती पहिल्यांदा ह्याच भागात पिकवला, १८९३ ला, मिकिमोतो कोकिचींनी, तोबाच्या ज्या बेटावर ते जमलं तिथे आता म्युझियम आहे. शिंपल्यात छोटा गोल मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या आतल्या पडद्याचा तुकडा ठेवतात, मग त्याभोवती थर चढत जातो. सगळं हाताने करतात. आणि काशिकोजिमाला बोट मिळते, नुसतं बसायचं

मिलिंद काका: देवळात चालणं किती आहे पण?

अश्विनी: नाइकूत आहे बरंच, आणि सगळी वाट जाड खडीची. व्हीलचेअर मिळते तिथे. शेवटच्या दगडी पायऱ्या तेवढ्या आहेत, त्या पायऱ्यांच्या वर फोटो काढायचा नाही हे ऋजुता तुला सांगतेय. पण त्याआधी उजवीकडे नदी लागते, इसुझु, खाली उतरत्या दगडी पायऱ्या घाटासारख्या, तिथे लोक वाकून हात धुतात आणि मग आत जातात. सकाळी लवकर जाऊ. नोव्हेंबरात पाण्यावर धुकं असतं आणि पाच वाजता अंधार पडायला लागतो म्हणून सगळे कार्यक्रम सकाळचे

ऋजुता: आणि ते दोरीने बांधलेले दोन खडक? फोटो बघितला मी

अश्विनी: मेओतो इवा, नवरा-बायको खडक, तोबाजवळच्या फुतामीला, मोठा नऊ मीटर छोटा चार मीटर. मधली दोरी भाताच्या पेंढ्याची असते, वर्षातून तीनदा बदलतात. दोघांच्या मधोमध सूर्य उगवतो तो उन्हाळ्यात, नोव्हेंबरात नाही, पण थंडीत पौर्णिमेच्या आसपास चंद्र उगवतो तिथून. तारीख जुळवता आली तर मी जुळवते

मेघना: कपडे काय आणायचे?

अश्विनी: पातळ स्वेटर आणि वाऱ्याचं जॅकेट, मफलर आईला नक्की. चपला नको, मोजे घालून सहज काढता येतील असे बूट. बाकी काकू लोणच्याची बाटली चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून

नंदा काकू: मी भाजणी करायला घेते गुरुवारी

अश्विनी: सगळ्यांनी पासपोर्टचं पहिलं पान आज रात्री पाठवा, मला वेगळं, ग्रुपवर नको. आमांचं बुकिंग मी दोन तारखा धरून करते, वारा असला तर त्या पाण्यात उतरत नाहीत

आई: अश्विनी त्यांना शिंपल्यांसाठी टोपली असते का गं? की जाळी?

अश्विनी: जाळी असते आई, डब्याला बांधलेली. विचारू आपण त्यांनाच