छोट्या लेथवर क्विक-चेंज टूल पोस्ट: मिलिंग मशीन नसताना टी-नट कसा करावा?

प्रश्न

माझा लेथ छोटा आहे, स्विंग (फिरू शकणाऱ्या कामाचा जास्तीत जास्त व्यास) 180 मिमी. त्यावर चार बाजूंचा साधा टूल पोस्ट (कापायचं टूल धरणारा ठोकळा) होता. वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करतेय. सिलिंडर चकमधून (जॉब धरणाऱ्या पकडीतून) न काढता फेसिंग (तोंड सपाट करणं), बोअरिंग (भोक मोठं करणं), चॅम्फर (कड तिरकी छाटणं) करायचं तर टूल सारखं बदलावं लागतं, आणि दर वेळी टूलखाली पत्र्याचं पॅकिंग घालून सेंटर (टूलच्या टोकाची उंची) जुळवण्यात संध्याकाळ संपते. म्हणून वेज टाइपचा क्विक-चेंज पोस्ट घेतला; यात प्रत्येक टूल आपापल्या होल्डरमध्ये राहतं आणि होल्डर पाचरीने पटकन घट्ट होतो.

घेण्याआधी मोजून पाहिलं होतं. कंपाउंडच्या (पोस्ट ज्यावर बसतो त्या सरकत्या स्लाइडच्या) माथ्यापासून स्पिंडलच्या अक्षापर्यंत 26.5 मिमी. होल्डर अगदी खाली उतरवला की टूलची बैठक कंपाउंडपासून 12 मिमीवर येते. म्हणजे 12 मिमीच्या टूलचं टोक 24 वर, आणि अडीच मिमी वर उचलायला जागा उरते. 16 मिमीचं टूल चालणार नाही, पण मला ते लागतही नाही.

अडलंय टी-नटपाशी, म्हणजे कंपाउंडच्या उलट्या टी आकाराच्या खाचेत (टी-स्लॉटमध्ये) बसून पोस्टचा स्टड (आटे असलेला उभा दांडा) धरणाऱ्या नटापाशी. पोस्टसोबत आलेला नट म्हणजे नुसता चौकोनी ठोकळा, भोकही नाही. तो माझ्या टी-स्लॉटपेक्षा रुंद आहे. मिलिंग मशीन नाही. कानशीने दोन्ही बाजूंना पायरी काढली तर ती काटकोनात येईल का? आणि स्टड तिरका राहिला तर काय?

उत्तर 1

पायरी कानशीने काढूच नका. तुमच्याकडे लेथ आहे की! नटाचा वरचा भाग लांबट चौकोनीच हवा असं काही नाही. स्लॉटमध्ये गोल बॉससुद्धा (वर राखलेला गोल उंचवटा) तितकाच नीट बसतो.

आधी ठोकळ्याची रुंदी कानशीने कमी करा, स्लॉटच्या खालच्या रुंद भागात सहज सरकेल इतकी. मग तो फोर-जॉ (चार जबड्यांच्या) चकमध्ये धरा आणि जुन्याच टूल पोस्टवर वरचा भाग गोल टर्न करा. व्यास स्लॉटच्या तोंडापेक्षा 0.2 मिमी कमी. कोपरे टूलवर आपटतील, म्हणून वेग कमी आणि कट बारीक ठेवा. त्याच सेटिंगमध्ये, ठोकळा न हलवता, ड्रिल आणि टॅप करा (भोक पाडून आत आटे काढा). एम12 स्टड असेल तर 10.2 मिमी ड्रिल. टॅपला टेलस्टॉकच्या सेंटरचा आधार द्या, मशीन बंद ठेवा आणि चक हाताने फिरवा. स्लॉटच्या ओठांना टेकणारी पायरी आणि आटे एकाच सेटिंगमधले असले की स्टड तिरका जायचं कारणच राहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टॅप आरपार काढू नका, शेवटचे दोन आटे अपुरे ठेवा. आरपार गेलाच तर नटाच्या खालच्या तोंडाला पंचचे दोन-तीन ठोके मारून आटे दाबून टाका. स्टड नटातून खाली उतरला तर स्लॉटच्या तळावर टेकतो आणि जॅकसारखा नटाला वर रेटतो. पोस्टवरचा नट आवळत गेलात की स्लॉटचे ओठ उपटले जातात. माझ्या पहिल्या लेथचा कंपाउंड असाच गेला. बीड (ओतीव लोखंड) वाकून आधी सूचना देत नाही, एकदम टवका उडतो. अजूनही तो आवाज विसरलो नाही.

बॉसचा माथा कंपाउंडच्या पृष्ठभागापेक्षा अर्धा मिमी खाली राहू द्या. वर आला तर पोस्ट कंपाउंडवर न बसता नटावरच बसेल आणि कितीही आवळलात तरी डुलेल.

उत्तर 2

वरच्यांनी नटाचं सगळं सांगितलंय. मी बैठकीबद्दल सांगतो. जुना पोस्ट वर्षानुवर्षं आवळून स्लॉटच्या कडा वर उचललेल्या असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ऑइलस्टोन सपाट धरून हलकेच फिरवा, उंचवटे चकाकतील. ते गेले की पोस्टच्या चारही कोपऱ्यांखाली कागदाची एकेक पट्टी ठेवून आवळा. चारही पट्ट्या अडकल्या पाहिजेत.

नव्या पोस्टवर टूल कंपाउंडच्या मध्यापासून जास्त बाहेर येतं, हेही ध्यानात ठेवा. लहान लेथला ते जाणवतं, विशेषतः पार्टिंगला (जॉब कापून वेगळा करताना). कंपाउंड मागे घेऊनच काम करा.

मूळ प्रश्नकर्ती

गोल बॉसची कल्पना मला सुचलीच नसती. काल नट केला. स्लॉट 14 मिमीचा, बॉस 13.8. आटे खाली अपुरे ठेवलेत, स्टड हाताने फिरवला तर तळाच्या आधीच थांबतो. कागदाची एक पट्टी निसटत होती, त्या कोपऱ्याजवळ खरंच उंचवटा निघाला.

उंची लावताना स्टीलची पट्टी गोल जॉब आणि टूलच्या टोकामध्ये हलकी धरली, तर तिचं वरचं टोक माझ्याकडे झुकतंय. म्हणजे टूल खाली आहे ना?

उत्तर 1

हो, खाली आहे. पट्टी उभी होईपर्यंत होल्डरचा स्क्रू फिरवा. मग एक फेसिंग कट घेऊन जॉबच्या मध्ये न कापलेलं टोक उरतंय का बघा. पट्टीपेक्षा त्या टोकावर जास्त विश्वास ठेवा. जुळलं की लॉकनट घट्ट करा आणि तो होल्डर त्याच टूलसाठी राखून ठेवा.