नोकरी गेल्यावर यिर्मया २९:११ कसं वाचायचं?

चाकणचा_भाडेकरू:
सलाम मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कंत्राटावर होतो. दिवाळीनंतर कंत्राट वाढवलं नाही. खोलीभाडं, मुलीची फी, सगळं बायकोच्या शिवणकामावर चाललंय. नातेवाईक रोज सकाळी गुलाबाच्या फोटोवर बायबलमधलं यिर्मया २९:११ (यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला २९ वा अध्याय, ११ वं वचन) पाठवतात, की देवाच्या मनात तुमच्या हिताचेच संकल्प आहेत. मी ‘आमेन’ टाकतो आणि फोन उलटा ठेवतो. विश्वास गेलेला नाही, पण या वचनातून हाती काही लागत नाही. अडचणीत तुम्ही नेमकं काय वाचलंत?

नगरची_बाई:
भाऊ, सलाम. संडे स्कूलमध्ये हे वचन मी कितीतरी पोरांकडून पाठ करून घेतलंय. तू अकरावं वाचण्याआधी दहावं वाच. तिथे सुटकेची मुदत दिली आहे: ७० वर्षं!

हा अख्खा अध्याय म्हणजे यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र. पाचव्या वचनापासून बघ. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या नगरासाठी! आदल्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा म्हणाला होता की दोन वर्षांत सगळं परत येईल. ऐकायला तोच गोड. पण देवाने त्याला पाठवलंच नव्हतं. सकाळचे ते फोटो बघून मला हनन्याच आठवतो, राग नको मानू.

आमचे हे अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी ३२ वा अध्याय धरला. यरुशलेमेला वेढा पडलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि तिथून तो चुलतभावाचं अनाथोथचं शेत विकत घेतो. १७ शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या होतात, आणि आपल्या लेखनिकाला, बारूखाला सांगतो की खरेदीखत मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकलं पाहिजे. नगर पडणार हे लोकांना ओरडून सांगणारा हाच माणूस! व्यवहार उरकल्यावर प्रार्थनेत देवालाच म्हणतो, नगर खास्द्यांच्या (बाबेलवाल्यांच्या) हाती चाललंय आणि तू मला शेत घे म्हणतोस? ही प्रार्थना मी किती रात्री वाचली असेन.

स्तोत्रवाला:
बायबलमधलंच स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत, आणि ‘किती काळ’ हा प्रश्न सुरुवातीलाच चार वेळा. तेही जड गेलं तर ८८. ते अंधारातच संपतं, शेवटी हालेलुया वगैरे काही नाही. आमच्या पाळकांनी एका मयताच्या घरी तेच वाचलं होतं. आधी लोक चपापले, मग मोकळेपणी रडले.

पीएफ_पाहा:
वाचन चालू ठेवा, पण कंत्राटदाराने पीएफ भरलाय का ते आजच तपासा. यूएएन (पीएफ खात्याचा) नंबर असेल तर पासबुक मोबाइलवर दिसतं. शेवटचा पगार, बोनस, शिल्लक रजेचे पैसे हे लेखी मागा. यिर्मयानेही कागद पक्का करून घेतला होता.

चाकणचा_भाडेकरू:
पासबुक बघितलं, दोन महिन्यांचा भरणा दिसत नाही. उद्या कंत्राटदाराकडे जातो, लेखी अर्ज घेऊन. बाई, ३२ वा अध्याय बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. तिचा पहिला प्रश्न, १७ शेकेल म्हणजे किती चांदी?

नगरची_बाई:
एक शेकेल साधारण ११ ग्रॅमचा. म्हणजे सगळी मिळून दोनशे ग्रॅमच्या आतच. शेत लहान असेल, नाहीतर वेढ्यामुळे भाव पडला असेल. तिला म्हणावं, हिशेब विचारलास ते बरं केलंस.