सासूबाईंचा टॅब फक्त माझंच ऐकतो, काय करू?

टॅबवाली सून
मंडळी जरा मदत हवीय. सासूबाईंना (वय ७४, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, टाईप करायचा कंटाळा) दहा इंची टॅब घेतला, सगळं सेटिंग मीच करून दिलं, आता मी हाक मारली की असिस्टंट (तो बोलून कामं करणारा) लगेच उठतो आणि त्या दहादा ओरडल्या तरी ढिम्म. काल म्हणाल्या हा तुझ्या माहेरचा दिसतोय 😄 नक्की काय बदलू?

भटका_जीव
अँड्रॉइड असेल तर व्हॉइस मॅच (आवाज ओळखायचं सेटिंग) बघा. सेटिंग तुम्ही केलंत म्हणजे आवाजपण तुमचाच शिकवला असणार, तो बिचारा तुमचाच आवाज शोधतोय. आधी असिस्टंटची भाषा मराठी करा (गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी येतं) मग व्हॉइस मॉडेल परत शिकवा आणि तेव्हा सासूबाईंनाच बोलू द्या, तुम्ही मधेमधे प्रॉम्प्टिंग करू नका. बॅटरी सेव्हर चालू असेल तर तो बंद करून बघा.

आण्णा_६८
मी स्वतः त्याच वयाचा, माझं ऐका, हाकेची भानगडच सोडा. जीबोर्डच्या (गूगलचा कीबोर्ड) माइकवर बोट ठेवायचं आणि बोलायचं, मराठी बोलून टायपिंग त्यात २०१७ पासून आहे. खरी अडचण वेगळीच असते, आम्ही बोलता बोलता "ते हे... काय बरं..." करत थांबतो आणि तेवढ्यात त्याला वाटतं यांचं बोलून झालं. म्हणून वाक्य आधी मनात जुळवायचं, मगच माइक दाबायचा. मला जमायला आठवडा लागला.

चहाबाज
सिमवाला आहे का नुसता वायफाय? वायफायवाल्यावर "मुलाला फोन लाव" म्हणून साधा फोन लागत नाही, व्हॉट्सॲप कॉलच करावा लागतो. हे आधीच सांगून ठेवा नाहीतर परत माहेर निघेल.

टॅबवाली सून
जमलं!! भटका_जीव थँक्यू. शिकवायला बसलो तेव्हा कळलं, स्क्रीनवर "हे गूगल" म्हणा असं येतंय आणि सासूबाई दरवेळी "अहो गूगल" म्हणतायत. म्हटलं आई "हे" म्हणा, तर म्हणे अनोळखी माणसाला असं कसं हाक मारायचं. शेवटी कशाबशा तयार झाल्या, पण काम झालं की अजून "बरं बाबा, ठेवते" म्हणतातच. वायफायवालाच आहे, व्हॉट्सॲपचं आज संध्याकाळी शिकवते.