मदत हवी आहे: लिनक्स मिंटवर ॲडोबी रीडर बसत नाही, फॉर्म 'प्लीज वेट'च्या पुढं जात नाही

चौथी_गल्ली:

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत माझं झेरॉक्स-प्रिंटआउटचं दुकान आहे, दहा बाय बाराचं. कॉम्प्युटरमधलं मला गिऱ्हाईकापुरतंच कळतंय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

मशीन जुनं आहे. आय-3, 4 जीबी रॅम. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले आणि 11 या मशीनवर चढत नाही, टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप पाहिजे म्हणतंय. दिवाळीला भाचा पुण्याहून आला होता. त्यानं पाडव्याच्या दुपारी बसून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट 22 टाकून दिलं, ती एक्सएफसीई की काय म्हणतात ती हलकी आवृत्ती. खोटं कशाला बोलू, मशीन पळायला लागलं. प्रिंटर तर सीडी न मागता चालू झाला. आता भाच्याची परीक्षा आहे, फोन उचलत नाही. म्हणून इथं.

परवा एक मुलगी पेनड्राइव्ह घेऊन आली. नोकरीचा अर्ज, पीडीएफ. इथंच भरायचा आणि इथंच प्रिंट. उघडला तर एकच पान आणि वर इंग्रजीत 'प्लीज वेट...'. थांबा म्हटलंय तर थांबलो की! तिला स्टुलावर बसवली, चहा सांगितला. चहा आला, पिऊन झाला, पोरगं ग्लास घेऊन गेलं, पान तसंच. मग खालची बारीक ओळ वाचली. मजकूर येत नसेल तर तुमचा रीडर कमी पडतोय, विंडोज, मॅक किंवा लिनक्ससाठी ॲडोबी रीडरची नवी आवृत्ती घ्या, असं लिहिलंय. लिनक्स हे नाव छापून आलंय त्यात! पोरगी समोरच्या दुकानात गेली, तिथं विंडोजवर दोन मिनिटांत काम झालं. मी काउंटरवरनं बघत होतो.

रात्री शटर ओढून बसलो. ॲडोबीच्या साइटवर लिनक्सचं नावच नाही. दुसऱ्या कुठल्यातरी साइटवरनं एक डेब फाइल उतरवली, 9.5.5 का काहीतरी. डबल क्लिक केलं की डिपेंडन्सी, म्हणजे सोबत लागणारी पॅकेजं, नाहीत म्हणून अंगावर येतंय.

आणखी एक. एका मंडळाची भजन सप्ताहाची पत्रिका आली पीडीएफमध्ये, 200 प्रती पाहिजेत. उघडली तर मराठीच्या जागी सगळी इंग्रजी अक्षरं, मध्येच स्वल्पविराम, कंस. त्यांच्या डीटीपीवाल्याकडं म्हणे झकास दिसतंय.

ॲडोबी बसला की दोन्ही सुटेल ना? कसा बसवायचा तेवढं सांगा.

तांबडा_पांढरा:

सोपं आहे भावा. ती फाइल 32 बिटची आहे, तुझी सिस्टिम 64 बिटची. आधी आय-386 (म्हणजे 32 बिट) आर्किटेक्चर जोडून घे, मग तिला लागणारी जीटीके-2 आणि लिब-एक्सएमएल-2 ची 32 बिट पॅकेजं टाक, मग डेब बसेल. मी उबुंटू 14.04 वर असंच केलं होतं, लोण्यासारखं चाललं.

पेंग्विनताई:

वरच्या भावाचं ऐकू नका. बसवता येईल, पण बसवू नका. (मी कसबा बावड्याची. आमच्याकडं बायका 'मी सांगतो, मी बघतो' असंच बोलतात. व्याकरण कुणी दुरुस्त करू नका.)

ॲडोबीनं लिनक्सचा रीडर कधीच सोडून दिला. 9.5.5 ही शेवटची आवृत्ती, 2013 ची. त्यानंतर एकही दुरुस्ती नाही. घरात बसून स्वतःच्या दोन फायली बघणारा माणूस असता तर मी काही बोललो नसतो. तुमच्या दुकानात दिवसभर परक्या लोकांचे पेनड्राइव्ह लागतात. दहा-बारा वर्षं दाराला कडी नसलेला रीडर तिथं ठेवायचा म्हणजे रात्री शटर अर्धं उघडं ठेवून घरी जाण्यासारखं आहे.

'प्लीज वेट'मध्ये लिनक्सचं नाव आहे कारण तो मजकूर जुना आहे. ॲडोबीच्या फॉर्म बनवायच्या सॉफ्टवेअरनं तो त्या काळी फाइलमध्ये घातला, तो तसाच राहिला. कॉम्प्युटर कुणाचीच वाट बघत नव्हता दादा. चहा वाया गेला नसेल एवढंच.

नेमकं काय होतंय ते सांगतो. या फायलीच्या पोटात दोन गोष्टी असतात. एक साधं पीडीएफ पान, ज्यावर फक्त 'थांबा' लिहिलेलं. आणि दुसरा खरा फॉर्म, एक्सएमएलमध्ये लिहिलेला. त्या प्रकाराला एक्सएफए म्हणतात. ज्या रीडरला एक्सएफए कळतं तो पहिलं पान बाजूला सारून खरा फॉर्म रंगवतो. ज्याला कळत नाही तो 'थांबा'ची पाटीच दाखवत बसतो. पीडीएफच्या 2.0 मानकात, म्हणजे 2017 पासून, एक्सएफए बाद धरलंय. तरी जुने फॉर्म अजून फिरतायत.

आता कुणीतरी येऊन सांगेल, एव्हिन्स टाका, ऑक्युलर टाका. मिंटमधला एक्सरीडर, नोमचा एव्हिन्स, केडीईचा ऑक्युलर (नोम, केडीई हे लिनक्सचे दुसरे डेस्कटॉप), या तिघांचं पीडीएफ रंगवायचं इंजिन एकच, पॉप्लर. त्याला हा फॉर्म उलगडता येत नाही. हॉटेलाची पाटी बदलली तरी कट तोच.

उपाय तुमच्या मशीनवर आधीच आहे. फाइलवर राइट क्लिक, 'ओपन विथ', फायरफॉक्स. फायरफॉक्सला 93 व्या आवृत्तीपासून, ऑक्टोबर 2021 पासून, एक्सएफए कळतं. करून बघा आणि इथं सांगा.

तांबडा_पांढरा:

ताई, 2014 ला चालत होतं एवढंच म्हणालो मी.

पेंग्विनताई:

2014 ला माझी स्कूटीपण चालत होती.

चौथी_गल्ली:

उघडला! पाचच्या पाच पानं. त्या मुलीची फाइल डेस्कटॉपवर राहिली होती, त्यावरच करून बघितलं. चौकोनात लिहिता पण येतंय, तारखेचा रकाना पण चालतोय. पण प्रिंट काढली तर खालची सहीची ओळ कापली गेली. आणि पत्रिकेचं काय? ती फायरफॉक्समध्ये पण तशीच वेडीवाकडी.

पेंग्विनताई:

प्रिंटचं: फायरफॉक्सच्या प्रिंटच्या खिडकीत कागद 'लेटर' निवडलेला असणार. तो आपल्या ए-4 पेक्षा रुंदीला थोडा जास्त, उंचीला सुमारे 18 मिलिमीटर कमी. म्हणून खालचंच कापलं. ए-4 करा, 'मोअर सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'फिट टु पेज विड्थ' ठेवा. आणि भरलेला फॉर्म आधी सेव्ह करून घ्या, मग प्रिंट. टॅब बंद झाला तर गिऱ्हाईक परत सगळं भरणार नाही.

पत्रिकेचं दुखणं वेगळं आहे. आणि ते ॲडोबीनंही सुटलं नसतं.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि 'पीडीएफफॉन्ट्स' लिहून एक जागा सोडा, मग ती फाइल फोल्डरमधनं ओढून टर्मिनलवर टाका. नाव आपोआप येईल. एंटर. (आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही रोमन छोट्या अक्षरांत टाइप करा, सगळं जोडून.) एक तक्ता येईल. त्यात 'ईएमबी' नावाचा रकाना आहे. तिथं 'येस' आहे की 'नो', आणि पहिल्या रकान्यात फॉन्टचं नाव काय, एवढं सांगा.

चौथी_गल्ली:

तीन ओळी आल्या. दोन ठिकाणी नो, एका ठिकाणी येस. नावात कृतिदेव दिसतंय.

पेंग्विनताई:

झालं, सापडलं.

युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखंच चालणारं मराठी टायपिंग, घरोघरी येण्याआधी डीटीपीवाले ज्या फॉन्टात काम करायचे, कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट, त्यात फायलीला ते मराठी आहे हे माहीतच नसतं. फायलीत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांच्या जागी मराठी चित्रं काढतो. एखाद्या रोमन अक्षरावर 'श्री', एखाद्या चिन्हावर काना, असा सगळा कारभार. ज्या मशीनवर तो फॉन्ट आहे तिथं 'श्री विठ्ठल प्रसन्न' दिसतं. जिथं नाही तिथं रीडर हाताला लागेल तो इंग्रजी फॉन्ट घेतो आणि खालची अक्षरं उघडी पडतात. 'ईएमबी नो' म्हणजे फॉन्ट पीडीएफमध्ये भरलेला नाही. जेवणाचं आमंत्रण दिलं पण भांडी ज्याची त्यानं आणायची, असा प्रकार.

तुमच्यापुढं दोन रस्ते. चांगला रस्ता: डीटीपीवाल्याला फोन करा आणि म्हणा, फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ द्या, नाहीतर सरळ कर्व्ह करून द्या. 'कर्व्ह' म्हटलं की त्यांना लगेच कळतं, त्यांच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये रोजचंच काम आहे. अक्षरांची चित्रं होतात, मग कुठल्याही मशीनवर जशीच्या तशी. फक्त नंतर त्यात चूक सापडली तर तुम्हाला काही करता येणार नाही. महाराजांच्या नावात एक वेलांटी चुकली तरी परत त्याच्याकडंच जायचं. म्हणून कर्व्ह करायच्या आधी मंडळाच्या सेक्रेटरीची प्रूफवर सही घ्या. हे लिनक्सचं नव्हे, माझ्या चुलत्यांच्या प्रेसमधलं शहाणपण.

दुसरा रस्ता: तोच फॉन्ट रीतसर तुमच्याकडं असला तर होम फोल्डरमध्ये नावाच्या आधी डॉट लावून 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर करा (हेही रोमन छोट्या अक्षरांत), त्यात फॉन्टची फाइल टाका, रीडर बंद करून परत उघडा. फॉन्टचं नाव तंतोतंत जुळलं तर बहुतेक वेळा दिसतं. मी यावर 200 प्रतींचा कागद लावणार नाही.

आणि एक लक्षात ठेवा. असली पत्रिका स्क्रीनवर कितीही सुरेख दिसली तरी तिच्यातला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की परत तोच कचरा येतो. गिऱ्हाईक 'तुमचं मशीन खराब आहे' म्हणेल. म्हणू दे.

रंकाळ्याचा_वारा:

विषय निघालाच आहे म्हणून. माझं पन्हाळा तालुक्यात सेतूजवळ दुकान आहे, लिनक्सच. शेतकरी पीककर्जासाठी डिजिटल सहीचा सातबारा घेऊन येतात, 15 रुपयांचा ऑनलाइन काढलेला. आधारच्या पीडीएफवर पण तसंच: सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'व्हॅलिडिटी अननोन'. लोक म्हणतात हिरवी खूण पाहिजे. ती लिनक्सवर कशी आणायची?

पेंग्विनताई:

इथं मात्र ऑक्युलर टाका. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधा, दोन प्रकार दिसतील, त्यातला 'सिस्टिम पॅकेज' घ्या. दुसरा प्रकार, फ्लॅटपॅक, घेतला तर केडीईचं अख्खं बिऱ्हाड वेगळं उतरतं. ऑक्युलर सही खरंच तपासतो, बाजूच्या पट्टीत सह्यांची यादी देतो.

त्याला सही ओळखीची वाटण्यासाठी वरच्या सर्टिफिकेटवर विश्वास लागतो. आपल्याकडच्या सगळ्या डिजिटल सह्यांची साखळी सीसीए इंडियाच्या, म्हणजे डिजिटल सह्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, मूळ सर्टिफिकेटपर्यंत जाते. फायरफॉक्सच्या यादीत ते आधीपासून नसतं. सीसीएच्या अधिकृत साइटवरून ते उतरवा आणि फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये, सर्टिफिकेट्समध्ये, 'ऑथॉरिटीज'खाली इम्पोर्ट करा. ऑक्युलर सहसा फायरफॉक्सचीच यादी वाचतो. मूळ सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर आलेलं कधीच घेऊ नका.

पण पानावरचं पिवळं प्रश्नचिन्ह जाणार नाही. ते पानावर काढलेलं चित्र आहे. सही पटली की ते बदलून हिरवं दाखवणं ही ॲडोबीची स्वतःची करामत. ऑक्युलरमध्ये बाजूला 'सही वैध' दिसेल, पानावर प्रश्नचिन्हच राहील आणि प्रिंटवरही तेच येईल.

खरं बघायला गेलं तर कागदावर छापलेल्या हिरव्या खुणेला काय अर्थ? ती शाई आहे. सही फायलीत असते, कागदात नसते. हे मला कळतं, तुम्हाला कळतं, खिडकीमागच्या माणसाला सांगायला जाऊ नका, रांग वाढते. ज्याला हिरवी खूणच पाहिजे त्याच्यासाठी एक विंडोजवालं मशीन ओळखीत ठेवा. मी तरी तेच करतो.

रंकाळ्याचा_वारा:

पटलं. दोन तास घालवले होते त्या प्रश्नचिन्हामागं.

तांबडा_पांढरा:

मी काल रात्री जुन्या लॅपटॉपवर तो 9.5.5 परत टाकून बघितला, हौस म्हणून. 32 बिट जीटीके टाकताना ॲप्टनं (पॅकेजं बसवणारी आज्ञा) शंभरेक पॅकेजांची यादी पुढं केली. 'नो' दाबलं आणि जेवायला गेलो.

चौथी_गल्ली:

मंडळी, उशिरा लिहितोय, सप्ताहाच्या गडबडीत होतो.

डीटीपीवाल्यानं कर्व्ह करून दिलं. 'हे आधीच सांगायचं की' म्हणाला, म्हणजे चूक माझीच. 200 प्रती निघाल्या, वेलांट्या जिथल्या तिथं. सेक्रेटरींची सही घेतली होती, बरं झालं, त्यात तारीखच चुकीची निघाली.

फायरफॉक्समध्ये लेटरच होता. ए-4 केला, सहीची ओळ आली. पण एक विचारतो ताई, आता सगळ्या पीडीएफ फायरफॉक्समध्येच उघडतील असं करून ठेवू का?

पेंग्विनताई:

नको. 4 जीबी रॅमवर फायरफॉक्समध्ये तीनशे पानांचा प्रबंध उघडला तर मशीन दम खाईल. रोजच्या प्रिंटला एक्सरीडरच ठेवा, हलका आहे. 'थांबा' दिसलं तरच फायरफॉक्स.

चौथी_गल्ली:

तशीच चिठ्ठी मॉनिटरला चिकटवली: 'प्लीज वेट दिसलं की फायरफॉक्स. चहा सांगू नये.' दुकानातल्या पोराला दोन्ही वाक्यं पाठ करायला लावलीत.

ती मुलगी काल परत आली होती, दुसऱ्या अर्जाला. समोरच्या दुकानात लाइट गेली होती.

रंकाळ्याचा_वारा:

दादा, दुकान सकाळी किती वाजता उघडतंय? मंगळवारी कोल्हापूरला येतोय. भावाचा असलाच एक पाच पानी फॉर्म आहे, आणि माझ्या प्रिंटरची टोनर संपलीय.