इन्स्टॉलफेस्ट की योगदान मेळावा? कॉलेजातल्या सॉफ्टवेअर फ्रीडम डेसाठी

मुक्तछंद
सप्टेंबरचा तिसरा शनिवार सॉफ्टवेअर फ्रीडम डेचा, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या दिवसाचा. हा दिवस २००४ साली सुरू झाला. बहुतेक कॉलेजांत लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम) क्लबचा कार्यक्रम ठरलेला असतो: सकाळी भाषण, दुपारी इन्स्टॉलफेस्ट (मुलांच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून देणं), जाताना स्टिकर. यातला इन्स्टॉलफेस्ट बंद करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्याकडे लॅपटॉप एकच असतो. भरलेल्या हॉलमध्ये, दोन तासांत, अनोळखी स्वयंसेवकाने विंडोजशेजारी लिनक्सला जागा करायला त्याची डिस्क विभागायची, यात धोका फार. नव्या विंडोज लॅपटॉपांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणं) बरेचदा मालकाच्या नकळत चालू असतं. लिनक्स बसवताना सिक्युअर बूट (फक्त मान्य सहीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज ते कुलूप उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती असते मायक्रोसॉफ्ट खात्यात, आणि ते खातं कधीकधी दुकानदारानेच उघडून दिलेलं असतं. दुसरी गत इंटेल व्हीएमडीची, म्हणजे काही इंटेल लॅपटॉपांतल्या एसएसडी हाताळण्याच्या पद्धतीची. इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही, मग कोणीतरी बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन त्याऐवजी एएचसीआय ही दुसरी पद्धत निवडतं. लिनक्स बसतं, विंडोज उठत नाही. सोमवारी सबमिशन असलेल्या मुलाला हे स्वातंत्र्य कसं वाटेल?

त्यापेक्षा दिवसभर मुक्त प्रकल्पांना योगदान करा. मराठी भाषांतर, नकाशे, कॉमन व्हॉइस या मोझिलाच्या मुक्त आवाजसंग्रहासाठी आवाज.

पेनड्राइव्ह
पूर्ण असहमत. तुम्ही सांगितलेले अपघात तयारी न केल्याचे आहेत. आठवडाभर आधी फॉर्म भरून घ्या: मॉडेल, रॅम, डिस्कवर रिकामी जागा, एन्क्रिप्शन चालू की बंद. रिकव्हरी की कागदावर लिहून आणलेली नसेल आणि बॅकअप बाहेरच्या डिस्कवर नसेल, तर इन्स्टॉल नाही. दारातच नाही म्हणायचं, भिडेखातर हो म्हणायचं नाही.

विंडोजचं विभाजन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करायचं, फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं ती सोय) बंद करायचं. नाहीतर लिनक्समधून ती ड्राइव्ह फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. व्हीएमडी असेल तर विंडोज पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठेल अशी सोय आधी करायची, मग बायोसमध्ये बदल, एकदा सेफ मोडमध्ये चालू करायचं आणि मग नेहमीसारखं. सगळ्यात आधी लाइव्ह सेशनमध्ये, म्हणजे लिनक्स न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून, वायफाय, आवाज, कॅमेरा आणि स्क्रीनचा उजेड तपासायचा. यातलं एखादं चालत नसेल तर तिथेच थांबायचं.

आणि गरज तर आहेच. विंडोज १० चा मोफत सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेली यंत्रं विंडोज ११ च्या अधिकृत अटींत बसत नाहीत. ४ जीबी रॅमच्या अशा लॅपटॉपवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती नीट चालते. हॉस्टेलवर असे लॅपटॉप ढिगाने सापडतील.

मर्जविनंती
दोघांनाही थोडं थांबवतो. योगदान मेळावा निरुपद्रवी आहे हा समज आधी सोडा. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरमधल्या योगदान मोहिमेत २०२० साली चार पुल रिक्वेस्ट (प्रकल्पात बदल सुचवणाऱ्या विनंत्या) केल्या की टी-शर्ट मिळायचा. रीडमी या प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये एखादं विशेषण घुसवलेल्या विनंत्यांचा इतका पूर आला, की ज्या प्रकल्पाने स्वतःहून भाग घेतला तिथलेच बदल धरायचे, असा नियम महिना संपायच्या आत करावा लागला. २०२३ साली टी-शर्टही थांबला. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या साधनाच्या प्रकल्पावर तसाच पूर आला. व्हिडिओ धड्यात दाखवलेली कृती मुलं खऱ्या रेपोवर (प्रकल्पाचा कोड ठेवण्याच्या जागेवर) गिरवत होती. मेंटेनरचे, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचे, तास त्या विनंत्या बंद करण्यात जातात.

भाषांतराचंही तेच. ५० मुलं पाँटून या मोझिलाच्या भाषांतराच्या संकेतस्थळावर बसली तर एका दुपारी शेकडो सूचना पडतील आणि तपासायचा अधिकार असलेलं माणूस येईपर्यंत तशाच राहतील. वाक्यातलं %s सारखं जागा राखणारं चिन्ह गाळलं की तिथे फाइलचं नावच उमटत नाही. तपासनीसाशी आधी बोलणं झालं नसेल तर भाषांतर कार्यक्रमात धरूच नका.

मुक्तछंद
हे पटलं. मग ज्याची तपासणी जागच्या जागी होते तेच घ्यावं. ओपनस्ट्रीटमॅप या कोणीही भर घालू शकेल अशा मुक्त नकाशावर कॅम्पस काढणं हे त्यात सर्वात चांगलं. चौघांचा गट, हातात छापलेला कोरा नकाशा. पिण्याच्या पाण्याचे नळ, रॅम्प, इमारतींची खरी प्रवेशद्वारं, बसथांबा हे चालत जाऊन टिपायचं, मग ओपनस्ट्रीटमॅपच्या आयडी एडिटरमध्ये भरायचं. इमारतीचं नाव मराठीच्या वेगळ्या रकान्यातही. गूगल मॅप्सवरून एक अक्षरही उचलायचं नाही, परवान्यात बसत नाही. प्रत्येक गटाचे बदल दुसऱ्या गटाने तपासायचे. व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याला लायब्ररीत कुठून शिरायचं हे नकाशावर आलं, तर दिवस सार्थकी लागला.

कॉमन व्हॉइसचं ध्वनिमुद्रण हॉलमध्ये नको. शेजारच्याचे शब्द मध्ये ऐकू आले तर तपासणारे तो तुकडा नाकारू शकतात.

पेनड्राइव्ह
नकाशा हवाच, पण इन्स्टॉलच्या जोडीला. आता नेटवर्कबद्दल, कारण इथेच बहुतेक कार्यक्रम आडवे होतात. ४० लॅपटॉप, प्रत्येकी ५०० एमबी अपडेट म्हणजे २० जीबी. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण मोकळी मिळाली तरी २७ मिनिटं, आणि वायफायवर ती कधीच पूर्ण मिळत नाही. २४ पोर्टचे दोन स्विच, केबल आणि एका जुन्या पीसीवर ॲप्ट-कॅशर-एनजी (आलेली पॅकेजं साठवून ठेवणारं सॉफ्टवेअर), पोर्ट ३१४२, एवढं लावा. पॅकेज एकदाच खाली येतं, बाकीच्यांना लॅनवरून मिळतं. मात्र घरी पाठवण्याआधी प्रत्येक लॅपटॉपमधली त्या पीसीकडून पॅकेज घ्यायला लावणारी प्रॉक्सी सेटिंग काढा. राहिली तर घरी गेल्यावर अपडेट होत नाही आणि बोल लिनक्सला लागतो. घड्याळही बघा. लिनक्स यंत्राची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतं, म्हणून विंडोज साडेपाच तास मागे दाखवतं. एका कमांडने ते सुटतं.

तारखेचं काय? २०२६ चा तिसरा शनिवार १९ सप्टेंबर, म्हणजे ऐन गणपतीत. चतुर्थी १४ ला, अनंत चतुर्दशी २५ ला. हॉस्टेलं रिकामी असतील. रविवारी, २७ ला घ्या. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमननी जीएनयू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाची घोषणा केली ती २७ सप्टेंबरलाच.

मर्जविनंती
जगाबरोबर एकाच दिवशी करण्यात गंमत आहे, पण रिकाम्या हॉलपेक्षा २७ बरी. रविवारी लॅब उघडी मिळेल का आणि नेटवर्क सांभाळणारं कोणी असेल का, हे ऑगस्टमध्येच लेखी घ्या.

मुक्तछंद
तारीख मान्य. विंडोज ११ न चालणाऱ्या यंत्रांवर, बॅकअप घेऊन, फक्त लिनक्स बसवणंही मान्य. ड्युअल बूटला, म्हणजे एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवण्याला, माझा विरोध कायम आहे. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने सिक्युअर बूट चालू असलेल्या कितीतरी ड्युअल बूट यंत्रांवर लिनक्सचं बूट अडवलं. पडद्यावर सुरक्षा धोरणाचं उल्लंघन झाल्याचा इशारा, आणि यंत्र बंद. रात्री अकराला खोलीत हे झालं तर मुलाने कोणाला विचारायचं?

पेनड्राइव्ह
उपाय आहे. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समधून ते नवं धोरण पुसायचं, शिम (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) अद्ययावत करायचं, पुन्हा चालू करायचं. पण रात्री अकराचा प्रश्न रास्त आहे. म्हणून ज्या क्लबला पुढचे चार शनिवार दोन-दोन तास दुरुस्तीसाठी बसता येईल, त्यानेच ड्युअल बूट घ्यावं. बाकीच्यांनी मुलांना लाइव्ह पेनड्राइव्ह द्यावा. ८ जीबीचा पुरतो.