कॉलेजात व्याख्यान आणि पोवाडा ठेवायचाय, निधी नक्की कुठे आणि कसा मागायचा?

वाङ्मय_टीवाय
नमस्कार सगळ्यांना. आमचं तालुक्याच्या गावातलं अनुदानित कॉलेज आहे, पुणे विद्यापीठाशी संलग्न. मी टीवायबीए मराठीला आहे आणि यंदा वाङ्मय मंडळाचं काम माझ्याकडे आणि अजून चार जणांकडे आलंय. दोन कार्यक्रम मनात आहेत. एक म्हणजे २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला चांगल्या अभ्यासकाचं व्याख्यान, आणि दुसरा शाहिरी पोवाड्याचा, पूर्ण संच बोलावून, कारण आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी पोवाडा फक्त मोबाईलवर ऐकलाय, समोर बसून कधीच नाही.

अडचण पैशाची. आमचे सर म्हणाले कल्पना छान आहे अर्ज द्या, प्राचार्य म्हणाले तरतूद नाही, ऑफिसात गेलो तर म्हणाले हेड कोणतं ते सांगा मग बघू. आता हेड कोणतं हे आम्हाला कोण सांगणार? वर्गणी काढायची नाहीये, निम्मी मुलं एसटीच्या पासवर येतात, त्यांच्याकडे शंभर रुपये मागायला जीभ रेटत नाही. आणि पाहुण्यांना शाल-श्रीफळावर वाटेला लावायचं नाही हे आम्ही ठरवलंय, मानधन द्यायचंच. अंदाजे व्याख्यानाला सगळं धरून १० हजार, पोवाड्याला ३० ते ३५ हजार. आत्ता ऑगस्ट चालू आहे, वेळ आहे असं वाटतंय. कोणी असा निधी मिळवलाय का, अर्जात काय लिहिलं होतं?

माजी_सीआर_संगमनेर
सगळ्यात आधी घरी जाऊन अ‍ॅडमिशनची फी पावती काढ. त्यात ट्यूशन फी सोडून खाली बारीक बारीक रकमा असतात, जिमखाना, विद्यार्थी कल्याण किंवा विकास निधी, सांस्कृतिक उपक्रम, नियतकालिक असं कायकाय. प्रत्येक कॉलेजची नावं थोडी वेगळी पण सांस्कृतिकचं काहीतरी असतंच. ते म्हणजेच हेड. ऑफिसवाले विचारतात तेव्हा ते तुला टाळत नसतात, त्यांना खरंच कुठल्या तरी रकान्यात खर्च टाकावा लागतो, आणि तू नुसतं 'कार्यक्रमाला निधी मिळावा' लिहिलंस तर तो कागद कुठल्याच रकान्यात बसत नाही आणि टेबलावर पडून राहतो.

दुसरं, तरतूद नाही म्हणाले याचा अर्थ पैसे नाहीत असा धरू नको, वर्षाच्या अंदाजपत्रकात त्या नावाने रक्कम धरलेली नाही एवढाच घे. अंदाजपत्रक महाविद्यालय विकास समितीपुढे जातं, म्हणजे सीडीसी, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातलं कलम ९७. ही समिती वर्षातून किमान चार वेळा बसायला हवी असं कायद्यात आहे आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष, सचिव तिचे सदस्य असतात. तुमच्याकडे परिषद असेल तर त्या दोघांना गाठा, नसेल तर शिक्षक प्रतिनिधी असतातच. पुढची मीटिंग कधी आहे ते विचार आणि त्याच्या आधी अर्ज प्राचार्यांमार्फत विषयपत्रिकेवर जाईल असं बघ. मीटिंग झाल्यावर दिलेला अर्ज पुढच्या मीटिंगपर्यंत थांबतो, म्हणजे तुझा फेब्रुवारी गेला.

अर्ज एका पानाचा ठेव. कार्यक्रम काय, कोणासाठी, किती मुलं बसतील, तारीख (एक पर्यायी तारीख पण दे), खर्चाचा तक्ता, त्यातले किती कॉलेजकडून हवेत आणि बाकीचे कुठून येणार. आमच्या वेळी हा शेवटचा मुद्दा वाचूनच प्राचार्य खुर्चीत सरळ बसले होते, कारण पोरं फक्त मागायला येत नाहीत हे त्यांना दिसलं.

विविअ_नाशिक_जिल्हा
मी एका महाविद्यालयात विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून काम बघतो, म्हणून विद्यापीठाच्या बाजूचं सांगतो.

व्याख्यानासाठी कॉलेजच्या निधीला हात लावायच्या आधी डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमालेची चौकशी करा. विद्यापीठाचं बहिःशाल (म्हणजे वर्गाबाहेरचं) शिक्षण मंडळ ती चालवतं, जयकर हे आपल्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. मंडळाकडे व्याख्यात्यांची यादी असते, कॉलेजने केंद्र म्हणून नोंद केली की त्या यादीतले वक्ते बोलावता येतात आणि अनुदान मिळतं. तुमच्या कॉलेजात कोणीतरी प्राध्यापक केंद्र कार्यवाह असतील, ते कोण हे स्टाफरूममध्ये विचारलं की पाच मिनिटांत कळेल. कित्येक कॉलेजांत ही व्याख्यानमाला वर्षानुवर्षं होते आणि विद्यार्थ्यांना हे माहीतच नसतं की वक्ता आणि विषय सुचवायला तेही जाऊ शकतात. जा आणि सुचवा! सहसा सरांना आनंदच होतो.

शिवाय विद्यार्थी विकास मंडळाच्या योजना आहेत. विशेष मार्गदर्शन, व्यक्तिमत्त्व विकास, मुलींसाठीचं निर्भय कन्या अभियान. यांत व्याख्यात्यांच्या मानधनाला जागा असते पण विषय योजनेत बसायला पाहिजे, निर्भय कन्याच्या पैशात पोवाडा घालायला जाऊ नका, नंतर हिशेब तपासताना सगळा खर्च अमान्य होतो आणि ती रक्कम कॉलेजच्या अंगावर येते. तसं एकदा झालं की प्राचार्य पुढच्या वर्षीच्या मुलांनाही दारातूनच परत पाठवतात.

प्रस्ताव ऑनलाइन मागवतात आणि परिपत्रकात शेवटची तारीख असते. ती गेली की गेली. तुमच्या कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना आजच भेटा, ऑगस्ट म्हणजे फार लवकर नाही.

आणि एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजना) सात दिवसांचं हिवाळी शिबिर विसरू नका. दुपारच्या बौद्धिक सत्राला रोज कोणीतरी वक्ता लागतोच, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असतो. कार्यक्रम अधिकारी तयार असतील तर शाहिरी शिबिराच्या गावात करा, गावकरी पण येतील.

पतसंस्थेचा_माणूस
एवढं कशाला फिरताय, गावातल्या दोन पतसंस्था आणि एक क्लासवाला गाठा, मागे बॅनर लावा, ३५ हजार एका संध्याकाळी जमतील. आम्ही दरवर्षी देतो.

विविअ_नाशिक_जिल्हा
पतसंस्थेने दिले तर चांगलंच आहे, फक्त ते पैसे कोणा मुलाच्या गुगल पेवर घेऊ नका. कॉलेजच्या खात्यात चेकने, कॉलेजची पावती देऊन, आणि बॅनरवर काय येणार ते प्राचार्यांच्या लेखी परवानगीने. क्लासच्या बाबतीत माझा विरोध आहे, स्पष्टच सांगतो. व्याख्यानाआधी दहा मिनिटं क्लासची जाहिरात ऐकवायची अट घालतात आणि वक्ता स्टेजवर ताटकळत बसतो. नेतेमंडळींकडून घेतलं तर कार्यक्रम त्यांच्या वेळेवर सुरू होतो हे तर सगळ्यांनी बघितलंय. मुलांची फी भरलेली आहे, त्या फीतून हक्काने मागा, कमी पडलं तरच बाहेर जा.

हिशेबखाते
ऑफिसच्या बाजूने लिहितेय, सीनियर कॉलेजच्या अकाउंट्सला आहे. मुलं येतात, उत्साह असतो, आणि कागद नसतात, मग आम्ही वाईट ठरतो. तर बाळा एवढं कर.

खर्चाचा तक्ता करताना मानधन, प्रवास, जेवण-चहा, मंडप किंवा साउंड, बॅनर, छपाई असं वेगळं वेगळं लिही. 'इतर खर्च ५ हजार' असं लिहू नको, ऑडिटर पहिला तिथेच बोट ठेवतो. साउंड सिस्टीम वगैरे भाड्याने घेणार असशील तर तीन दरपत्रकं आण, लेटरहेडवर, तारीख आणि सही असलेली. पाहुण्यांच्या मानधनाला कोटेशन लागत नाही, तिथे निमंत्रण पत्र आणि त्यांचं संमतीपत्र लागतं, दोन्हीत मानधनाचा आकडा सारखा पाहिजे.

मानधन शक्यतो बँकेतून. म्हणजे पाहुण्यांकडून पॅन, खातं नंबर, आयएफएससी, रद्द केलेला चेक आधीच मागव. लाजायचं नाही, ज्यांना सवय आहे ते स्वतःहून पाठवतात. व्यावसायिक मानधनावरची टीडीएसची (देतानाच कापायच्या कराची) मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला ३० हजारांवरून ५० हजार झालीये, त्यामुळे तुमच्या आकड्यात कपातीचा प्रश्न येऊ नये, तरी पॅन घेऊन ठेवायचं. रोख दिलंच आणि रक्कम ५ हजाराच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आणि त्यावर सही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारीख. तुझं व्याख्यान २७ फेब्रुवारीला, आर्थिक वर्ष संपतं ३१ मार्चला. बिलं, हजेरी, अहवाल, जीपीएस लोकेशनवाले फोटो हे आठवड्याभरात आमच्या टेबलावर आलं तर ठीक, नाहीतर मार्चच्या शेवटी सगळ्या विभागांचे कागद एकदम येतात आणि तुझी फाईल खाली जाते. फोटो आणि अहवालाची एक प्रत आयक्यूएसीला (कॉलेजचा गुणवत्ता कक्ष) पण दे, नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणारी संस्था) कामात त्यांना ते हवंच असतं, आणि पुढच्या वर्षी तेच तुझ्या बाजूने बोलतील.

वाङ्मय_टीवाय
बापरे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. फी पावती बघितली, 'सांस्कृतिक व विविध गुणदर्शन' असं हेड आहे! केंद्र कार्यवाह म्हणजे आमच्याच अर्थशास्त्राच्या मॅडम निघाल्या, उद्या भेटतेय.

दोन शंका. विद्यापीठाचं अनुदान कार्यक्रम झाल्यावर येतं असं एक सर म्हणाले, मग तोपर्यंत पाहुण्यांना कोण देणार? आणि पोवाड्याच्या संचाशी पैशाचं बोलायचं कसं, आम्हाला खूप अवघड वाटतंय, कमी सांगितलं तर अपमान होईल असं वाटतं.

हिशेबखाते
पहिल्याचं उत्तर, अग्रिम. प्रभारी प्राध्यापकांच्या नावाने अ‍ॅडव्हान्सचा अर्ज असतो, त्यावर मंजुरी पत्राचा क्रमांक टाकून कॉलेजकडून रक्कम उचलता येते, नंतर बिलं लावून जुळवायची. विद्यार्थ्याच्या नावाने अ‍ॅडव्हान्स निघत नाही, त्यामुळे तुमच्या सरांना किंवा मॅडमना आधी तयार कर. त्यांच्या नावावर रक्कम उभी राहते, त्यांना काळजी वाटणं साहजिक आहे, म्हणून रोजच्या रोज बिलं त्यांच्याकडे देत जा.

झीलकरी
मी एका शाहिरांच्या संचात झील धरतो, म्हणजे शाहिरांच्या मागून सूर उचलून साथ देतो, दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो.

ताई, आकडा पहिल्या फोनला सांगा. 'आमचं बजेट ३० आहे, त्यात प्रवास धरून जमेल का' एवढं सरळ विचारलं की आम्हाला बरं वाटतं. अपमान कमी पैशाने होत नाही, कार्यक्रम झाल्यावर पाकिटात ठरल्यापेक्षा कमी निघालं की होतो, आणि ते होतं बरं का. शाहीर एकटे येत नाहीत, डफ, तुणतुणं, झांज, ढोलकी, हार्मोनियम, आम्ही दोघं तिघं झीलकरी, म्हणजे सात-आठ माणसं आणि एक गाडी. शाहिरांचं मानधन म्हणून तुम्ही जो आकडा लिहिता तो या सगळ्यांत वाटला जातो, त्यात डिझेल पण. यातल्या बऱ्याच जणांचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो, कोणी शेतावर, कोणी वर्कशॉपमध्ये. त्यामुळे प्रवासखर्च वेगळा लिहा आणि तो त्याच दिवशी हातात द्या, मानधन बँकेतून आठ दिवसांनी आलं तरी चालतं, पण तारीख सांगा.

साउंडवर कंजूषी नको. आम्हाला गाणाऱ्यांचे माइक चार तरी लागतात, ढोलकी आणि डफाला वेगळे. कॉलेजात भाषणाचे दोन माइक असतात आणि त्यावर पोवाडा म्हणायला लावतात, मग मागच्या पोरांना शब्द कळत नाहीत आणि ती उठून जातात. पोवाड्यात शब्दच गेले तर काय राहिलं? दीड तास ठेवा, सकाळी अकराच्या सुमाराला, पोरांची एसटी जायच्या आत. आणि भाषणं सत्कार आधी अर्धा तास चालवू नका, आवाज तापवून बसलेले असतो आम्ही.

आणखी एक मागणं. शेवटी पंधरा मिनिटं मुलांना डफ हातात घेऊ द्या. आमचे शाहीर आनंदाने शिकवतात, आणि अर्जात 'सादरीकरण व प्रात्यक्षिक' असं लिहिता येईल ते वेगळंच.

सकाळची_मैफल
पोवाड्याचं झालंच आहे, पण पुढच्या सत्रासाठी स्पिक मॅकेला लिहून ठेवा. १९७७ मध्ये डॉ. किरण सेठ यांनी आयआयटी दिल्लीत सुरू केलेली चळवळ आहे, नावाजलेले शास्त्रीय आणि लोककलावंत शाळा-कॉलेजात येऊन गातात, नाचतात आणि समजावून सांगतात. विद्यार्थ्यांना तिकीट नसतं. यजमान कॉलेजने हॉल, साउंड, कलाकारांचा साधा पाहुणचार बघायचा. जवळच्या शहरात शाखा असेल तिथल्या स्वयंसेवकांशी बोला, ते बहुतेक विद्यार्थीच असतात. सरकारी बाजूला क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रं आहेत, नागपूरचं दक्षिण मध्य आणि उदयपूरचं पश्चिम, महाराष्ट्र दोन्हींत येतो, तिथे मात्र पत्रव्यवहार कॉलेजच्या लेटरहेडवर आणि बराच आधी.

व्याख्यानाचा खर्च वाचवायचा एक चांगला मार्ग. आपल्याकडे तालुक्याच्या गावात व्याख्यानमाला असतातच. तिथे संध्याकाळी जे वक्ते येणार आहेत त्यांना त्याच दिवशी सकाळी कॉलेजात बोलवा, आयोजकांना विचारून. प्रवास आणि मुक्काम त्यांच्याकडे, तुम्ही फक्त मानधन द्यायचं, आणि ते मात्र पूर्ण द्या, 'तुम्ही आलाच आहात तर' असं म्हणून फुकट बोलवू नका. त्यासाठी २७ तारखेचा हट्ट सोडावा लागेल, पण १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आहे, त्यात बसवता येईल.

माजी_सीआर_संगमनेर
+१. पंधरवड्याचं कॉलेजांना परिपत्रकच येतं, म्हणजे कॉलेजला तेव्हा काहीतरी करायचंच असतं. अर्जात त्याचा उल्लेख कर.

एक राहिलं, उद्या कोणाला पोवाड्याऐवजी एकांकिका बोलवावीशी वाटली तर संचाकडून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणारं) प्रमाणपत्र आणि लेखकाच्या परवानगीची झेरॉक्स आधी घ्या. बाहेरचा ऑर्केस्ट्रा असेल तर गाण्यांच्या परवान्याचं विचारा, कॉपीराइट कायद्यातली शिक्षणसंस्थेची सवलत विद्यार्थी आणि शिक्षक स्वतः सादर करतात त्याला आहे, बाहेरच्या व्यावसायिक संचाला ती लागू होईल असं धरून चालू नका.

वाङ्मय_टीवाय
मॅडमना भेटले. जयकर व्याख्यानमालेचा प्रस्ताव त्या पाठवणारच होत्या, विषय तुम्ही सुचवा म्हणाल्या, आम्ही लोकसाहित्य आणि शाहिरी वाङ्मय सुचवलंय. म्हणजे जानेवारीच्या पंधरवड्यातच व्याख्यान आधी आणि दुसऱ्या दिवशी पोवाडा असं लागून करता येईल. पोवाड्यासाठी सांस्कृतिक हेडमधून ३४ हजारांचा अर्ज लिहायला घेतलाय, प्रवास वेगळा, साउंड वेगळा, चार नाही सहा माइक. सीडीसीची मीटिंग सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. झीलकरी दादा, तुम्हाला मेसेज केलाय, तुमच्या शाहिरांना जानेवारीच्या तारखा विचाराल का?

झीलकरी
विचारलं. २० आणि २२ रिकाम्या आहेत, २१ ला लग्नाचा कार्यक्रम घेतलाय. त्यातली एक तारीख तुमच्या सप्टेंबरच्या मीटिंगपर्यंत धरून ठेवतो, मीटिंगचं पुढे गेलं तर फोन करा.