शब्दचर्चा : लकव्याची पुस्तकं कुठल्या नावाखाली लावायची?

प्रश्न

बडोद्यातल्या आमच्या मंडळाच्या वाचनालयाला आरोग्यावरची बरीच मराठी पुस्तकं भेट आली आहेत. त्यांची विषयवार यादी करायला घेतली आणि अडलो. एक तर 'सब्जेक्ट हेडिंग'ला काय म्हणायचं, विषयमथळा की विषयशीर्षक? दुसरं, पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा, स्ट्रोक अशा चार नावांची पुस्तकं पुढ्यात आहेत. ती कशाखाली आणू?

उत्तर

विषयशीर्षक म्हणा. मथळा बातमीचा असतो, नजर पकडायला तो रोज नवा रचतात. विषयशीर्षकाचं काम बरोबर उलटं. एकदा ठरलेलं नाव, काना-मात्रेचाही फरक न करता, दर वेळी तेच. लेखकाने पुस्तकाचं नाव कितीही काव्यमय ठेवलेलं असो, तुम्ही त्याला विषयाचं नाव द्यायचं.

मी बडोद्यातच एका वैद्यकीय ग्रंथालयात २७ वर्षं तालिकेचं काम केलं. आमचा आधार 'मेश', म्हणजे 'मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज'. अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० साली काढलेली ही शब्दयादी दर वर्षी सुधारली जाते आणि आज तीत ३० हजारांच्या आसपास मुख्य शीर्षकं आहेत. कुणी हार्ट अटॅक म्हणो, शीर्षक 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'. कुणी कॅन्सर म्हणो, शीर्षक 'निओप्लाझम्स'. बाकीची नावं टाकून देत नाहीत, ती मुख्य नावाकडे वाट दाखवतात.

ही शीर्षकं फांद्या-उपफांद्यांनी मांडलेली असतात, आणि 'स्ट्रोक' एकाच वेळी दोन फांद्यांवर बसतो: मज्जासंस्थेचे आजार आणि हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार. पुस्तक मात्र एकाच फळीवर उभं राहणार. त्याच ग्रंथालयाच्या वर्गीकरणात ती फळी 'डब्ल्यूएल', म्हणजे मज्जासंस्थेची. म्हणून वर्गांक आणि विषयशीर्षक यांची गल्लत नको. वर्गांकाने जागा कळते, शीर्षकाने आत काय आहे ते. एका पुस्तकाला तीन-चार शीर्षकं खुशाल द्या.

आता तुमचे चार शब्द. 'स्ट्रोक' म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटणं किंवा मेंदूत रक्तस्राव होणं. 'पक्षाघात' म्हणजे अंगाची एक बाजू लुळी पडणं; इथे पक्ष म्हणजे बाजू. एक कारण, दुसरा परिणाम. प्रत्येक स्ट्रोकमध्ये अंग लुळं पडतंच असं नाही. बोलण्यात आपण दोन्हींना पक्षाघात म्हणतो, पण 'मेश'मध्ये ती दोन वेगळी शीर्षकं आहेत आणि तुम्हीही वेगळीच ठेवावीत असं मला वाटतं. रक्तदाब, गुठळी, तातडीचे उपचार यांवरचं पुस्तक 'स्ट्रोक'खाली. लुळ्या हाताच्या व्यायामाचं 'पक्षाघात'खाली, आणि दोन्हीकडे 'हेही पाहा'. 'स्ट्रोक'ला 'मेंदूचा झटका' करू नका. झटका म्हटलं की निम्मे लोक फिट समजतात. 'अर्धांगवायू' हा अर्थाने 'पक्षाघात'च, फक्त वाताच्या जुन्या कल्पनेतून आलेला. तिथे 'पक्षाघात पाहा' एवढं पुरे.

शंका

ताई, आमच्याकडे येणारे बहुतेक जण लकवाच म्हणतात. मग तेच मुख्य शीर्षक का नको? लोकांचा शब्द खाली आणि शास्त्राचा वर, हे पटत नाही.

उत्तर

तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं, म्हणूनच सविस्तर सांगते. 'लकवा' मूळ अरबीतला, आणि युनानी वैद्यकात तो फक्त तोंड वाकडं होण्याला म्हणतात. अर्ध्या अंगाला तिथे 'फालिज' हा वेगळा शब्द आहे. आपण 'लकवा' दोन्हींना लावला. शिवाय आपल्या गुजरातीत 'बाळलकवो' म्हणजे पोलिओ. एका शब्दात तीन आजार. मुख्य शीर्षक केलंत तर तिन्हींची पुस्तकं एका गठ्ठ्यात पडतील.

पण लकव्याचं कार्ड हवंच, आणि ते पहिल्यांदा करा. आमच्या काउंटरवर एकदा वॉर्डातल्या एक आयाबाई आल्या. "बेन, लकवानी चोपडी छे?" नवऱ्याच्या डिस्चार्जच्या कागदाची चौघडी त्यांनी पदराच्या गाठीतून सोडली. त्यावर लिहिलं होतं 'सीव्हीए', म्हणजे डॉक्टरी भाषेत स्ट्रोकच. मी ड्रॉवर ओढला, कार्डं सरकवत गेले. 'स्ट्रोक'खाली जाड इंग्रजी ग्रंथ होते. ज्या छोट्या गुजराती पुस्तिकेचा त्यांना उपयोग झाला असता, तिचं कार्ड भलत्याच नावाखाली होतं आणि 'लकवो' या शब्दाचं कार्डच नव्हतं. पुस्तिका मला चार दिवसांनी सापडली. तोवर बाई गावाला गेल्या होत्या. आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

आणि एका अर्थाला एक नाव नेमायचं हे बडोद्याला नवं नाही. सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली कारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला तो याच गरजेतून: इंग्रजी संज्ञेपुढे मराठी, गुजराती आणि इतर भाषांतले प्रतिशब्द, म्हणजे दर कचेरीत वेगळा शब्द नको.

कार्ड असं करा:

लकवा
अंगाचा: 'पक्षाघात' पाहा
तोंडाचा: 'चेहऱ्याचा पक्षाघात' पाहा
बाळलकवा: 'पोलिओ' पाहा

मूळ प्रश्नकर्ता

कार्ड आत्ताच लिहिलं, गुजराती लिपीतलंही एक जोडलं. आता पुढचा गठ्ठा 'संधिवात' आणि 'आमवात' यांचा आहे. दोन पुस्तकांत एकाच आजाराला दोन्ही नावं दिली आहेत. ताई, उद्या विचारतो.